पदकांचा ताळेबंद

महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात जिमखान्याचा वृत्तान्त बहुधा शेवटच्या एकदोन पानांत उरकलेला असतो. कोणत्या मैदानी स्पर्धेत किती सुवर्ण, किती रौप्य आणि किती कांस्य पदके मिळाली याची यादी, करंडकासह काढलेले एखादे छायाचित्र आणि 'महाविद्यालयाच्या शिरपेचात मानाचा तुरा' हे वर्षानुवर्षे न बदललेले वाक्य, एवढा त्याचा ऐवज. ही यादी खोटी असते असे नव्हे. परंतु यादी म्हणजे हिशेब नव्हे. जमेची बाजू तेवढी भरावयाची आणि नावेची बाजू कोरी ठेवावयाची, अशा वहीला कोणताही कारकून ताळेबंद म्हणणार नाही. पदक मिळविण्यासाठी कोणी काय दिले, ज्यांनी द्यावयास हवे होते त्यांपैकी कोणी दिले नाही, आणि पदक मिळाल्यानंतर ते मिळविणाऱ्याच्या हाती काय उरले, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या क्रीडायशाचे मोल ठरविता येत नाही.

हे प्रश्न सामान्य यशापेक्षा असामान्य यशाच्या बाबतीत विचारणे अधिक उद्बोधक ठरते. यश जितके झगझगीत, तितके त्याच्या मागचे काही दिसेनासे होते. आणि मग त्यातून नेमका चुकीचा बोध घेतला जातो. या दृष्टीने अमेरिकेतील एका महाविद्यालयाच्या महिला धावपटूंची हकीकत तपशिलाने पाहण्यासारखी आहे. तिच्यात पदकांची यादी तर आहेच. शिवाय ज्याला अर्थशास्त्राचा विद्यार्थी पूर्ण हिशेब म्हणेल तोही आता उपलब्ध झाला आहे.

चार मुली, एक मैदान

टेनेसी राज्याची राजधानी असलेल्या नॅशव्हिल शहरात १९१२ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी एक सरकारी शिक्षणसंस्था सुरू झाली. शेती, उद्योग आणि अध्यापन यांचे शिक्षण देणे हा तिचा मूळ हेतू. आज ती टेनेसी स्टेट विद्यापीठ या नावाने ओळखली जाते. तिच्या महिला मैदानी संघाला 'टायगरबेल्स' असे नाव पडले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते क्रीडाजगताच्या तोंडी झाले.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ४ बाय १०० मीटर रिले शर्यतीत अमेरिकेने कांस्यपदक मिळविले. त्या संघातील चारही मुली या एकाच संस्थेच्या तालमीत तयार झालेल्या होत्या. त्यांपैकी विल्मा रुडॉल्फ सोळा वर्षांची असून अद्याप शाळेतच शिकत होती. चार वर्षांनी, १९६० साली, रोममध्ये याच रुडॉल्फने १०० मीटर, २०० मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदके जिंकली. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या शर्यतींत तीन सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली अमेरिकन स्त्री होय. रिलेत तिच्याबरोबर मार्था हडसन, ल्यूसिंडा विल्यम्स आणि बार्बरा जोन्स होत्या. म्हणजे पुन्हा चौघीही टायगरबेल्स. प्राथमिक फेरीत या चौघींनी ४४.४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला आणि अंतिम शर्यतीत शेवटची बॅटन हातात येताना घोटाळा होऊनही ४४.५ सेकंदांत सुवर्णपदक पटकाविले. एका देशाचा ऑलिंपिक संघ म्हणून धावलेला हा संघ वस्तुतः एका महाविद्यालयाचा संघ होता.

यादी येथे संपत नाही. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटरला वायोमिया टायस पहिली आणि ईडिथ मग्वायर दुसरी आली. २०० मीटरचे सुवर्णपदक मग्वायरने घेतले. या दोघीही नॅशव्हिलच्याच. १९६८ साली मेक्सिकोत टायसने १०० मीटरचे सुवर्णपदक राखले. ऑलिंपिकमधील हे अजिंक्यपद लागोपाठ दोनदा मिळविणारी ती स्त्रीपुरुषांतील पहिलीच धावपटू. पुरुषांत हा पराक्रम कार्ल ल्यूइसच्या नावावर लागला तो १९८८ साली, म्हणजे वीस वर्षांनंतर. मेक्सिकोतच मॅडलिन मॅनिंग हिने ८०० मीटर शर्यत जिंकली. स्त्रियांना ही शर्यत झेपत नाही असे ठरवून १९२८ नंतर ती ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली होती आणि १९६० सालीच पुन्हा सुरू झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या विजयाचे महत्त्व कळते. १९८४ साली लॉस एंजेलिसला शॅन्ड्रा चीझबरो हिने रिलेची दोन सुवर्णपदके आणि ४०० मीटरचे रौप्यपदक मिळविले. प्रशिक्षक एड टेम्पल यांच्या चार दशकांच्या कारकिर्दीत या संस्थेने ४० ऑलिंपिक खेळाडू दिले आणि त्यांनी १३ सुवर्ण, ६ रौप्य व ४ कांस्य अशी २३ पदके मिळविली. अनेक सार्वभौम राष्ट्रांनाही मैदानी खेळांत एवढी मजल मारता आलेली नाही.

साधने किती होती?

एवढे यश मिळविणाऱ्या संस्थेजवळ भव्य क्रीडागृह, आखीव धावपट्टी आणि शिष्यवृत्त्यांची रेलचेल असेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात रोमच्या विजयापर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे या मुलींना खेळाडू म्हणून शिष्यवृत्ती अशी नव्हती. विद्यापीठाच्या आवारात दररोज दोन तास काम करावयाचे आणि त्या मोबदल्यात शिक्षणाचा खर्च भागवावयाचा, अशी व्यवस्था होती. आपल्याकडील वाचकांस यावरून 'कमवा आणि शिका' योजनेची आठवण होईल. सरावाचे मैदान म्हणजे मातीची, धड पुरी न झालेली धावपट्टी. पक्क्या धावपट्टीला टेम्पल यांचे नाव देण्यात आले ते १९७८ साली. तोवर बहुतेक पदके जिंकून झालेली होती.

स्वतः टेम्पल हे केवळ प्रशिक्षक नव्हते. ते समाजशास्त्र शिकवीत आणि विद्यापीठाच्या आवारातील टपालकचेरीही सांभाळीत. संघाला दुसऱ्या गावी न्यावयाचे तर गाडी बहुधा त्यांचीच. वर्णभेदाच्या त्या काळात दक्षिणेकडील हमरस्त्यांवरची उपाहारगृहे या मुलींना आत घेत नसत. त्यामुळे शिदोरी बांधून न्यावी लागे आणि गाडी थांबवून शेताच्या आडोशाला जावे लागे. शेकडो मैलांचा असा प्रवास करून त्या शर्यतीला उभ्या राहत आणि जिंकत.

टेम्पल यांच्या कार्यपद्धतीत चमत्कार असा कोणताच नव्हता. होते ते सातत्य. त्यांच्या यशाची तीन कारणे स्पष्ट दिसतात. पहिले कारण उन्हाळी शिबिराचे. शाळेत शिकणाऱ्या होतकरू मुली हेरून त्यांना सुटीत नॅशव्हिलला आणावयाचे आणि थोरल्या खेळाडूंबरोबर पळवावयाचे. रुडॉल्फ अशीच आली. जॉर्जियातील ग्रिफिन गावच्या गवळीवाड्यात काम करणाऱ्या मजुराची मुलगी टायस हीदेखील अशीच आली. दुसरे कारण शिस्तीचे. सरावाला जितकी मिनिटे उशीर तितक्या फेऱ्या अधिक, असा नियम होता. आणि एकदा अर्धा तास उशिरा आलेल्या रुडॉल्फला तीस फेऱ्या माराव्या लागल्याची कथा सांगितली जाते. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण म्हणजे काळ. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी हातात घेतलेले काम टेम्पल यांनी १९९४ पर्यंत सोडले नाही. एक शिक्षक एका मैदानावर चाळीस वर्षे उभा राहिला. आज आलेली मुलगी चार वर्षांनी कोठे पोचेल आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या वयाची मुलगी आठ वर्षांनी कोठे असेल, याचा विचार करण्याइतका अवकाश त्यांना मिळाला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर ही दीर्घ मुदतीची गुंतवणूक होती. अशा गुंतवणुकीस पैशाइतकीच स्थैर्याची गरज असते.

अभावाचे गोडवे

येथपर्यंतची हकीकत सांगून अनेक वक्ते थांबतात आणि टाळ्या घेतात. पैसा नव्हता, मैदान नव्हते, खाण्यापिण्याची वानवा होती. तरी जिद्दीच्या बळावर जग जिंकले. तेव्हा साधनांचे रडगाणे गाऊ नका, असा बोध मग विद्यार्थ्यांना केला जातो. हा बोध ऐकावयास गोड असला तरी तर्काला धरून नाही. ज्या जिंकल्या त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत. ज्यांना घरून निघण्यापुरते भाडे मिळाले नाही, ज्यांच्या गावी टेम्पल पोचले नाहीत, ज्या आजारपणात गेल्या, त्यांची यादी कोणी ठेवलेली नाही. तरून गेलेल्यांना विचारून पुराचा अंदाज घेण्यासारखाच हा प्रकार आहे.

खुद्द रुडॉल्फचे उदाहरण घ्या. लहानपणी तिला पोलिओ झाला होता. बाविसांपैकी विसावे अपत्य असलेल्या या मुलीचा पाय बरा झाला तो केवळ तिच्या इच्छाशक्तीने नव्हे. तिच्या क्लार्क्सव्हिल गावापासून सुमारे ८० किलोमीटर दूर नॅशव्हिलमध्ये मेहॅरी हे कृष्णवर्णीयांचे वैद्यकीय महाविद्यालय होते. तेथील उपचारांसाठी तिची आई तिला नियमाने बसने नेत असे. घरी भावंडे पाळीपाळीने पाय चोळीत. ते इस्पितळ नसते तर आईच्या कष्टांना वाट सापडली नसती, आणि ते शिबिर नसते तर बरा झालेला पाय क्लार्क्सव्हिलच्या बाहेर कोणाला दिसला नसता. व्यक्तीच्या जिद्दीमागे संस्था उभ्या असाव्या लागतात. ज्या जिद्दीमागे त्या नसतात, तिची कथा होत नाही, एवढेच.

बंद दारांचे अर्थशास्त्र

आता मूळ प्रश्नाकडे वळू. देशातील उत्तमोत्तम धावपटू मुली एकाच, तुटपुंज्या साधनांच्या संस्थेत का गोळा झाल्या? याचे उत्तर नॅशव्हिलमध्ये जितके आहे, तितकेच नॅशव्हिलबाहेर आहे. टेनेसी राज्याचे प्रमुख विद्यापीठ नॉक्सव्हिल येथे आहे. तेथे पदवीच्या वर्गात कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळू लागला तो १९६१ साली. म्हणजे ज्या वर्षी टेनेसीच्या कन्येने रोममध्ये तीन सुवर्णपदके जिंकली, त्या वर्षी टेनेसीच्याच मुख्य विद्यापीठाचे दार तिला बंद होते. त्याच १९६० च्या फेब्रुवारीत नॅशव्हिलमधील विद्यार्थी, आणि त्यांत या संस्थेचेही विद्यार्थी होते, उपाहारगृहांत बसावयास मिळावे म्हणून धरणे धरीत होते. शिवाय, वर्ण कोणताही असो, स्त्रियांनी चुरशीच्या स्पर्धांत उतरणे बरे नव्हे, असे अमेरिकेतील अनेक प्रतिष्ठित महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षणाच्या धुरिणांचेच मत होते. त्यामुळे मुलींच्या संघावर पैसा खर्च करण्याचा विचारही तेथे फारसा नव्हता. कृष्णवर्णीय संस्थांना मात्र या क्षेत्राची परंपरा होती. टेम्पल यांच्या आधी अलाबामातील टस्कीगी संस्थेने स्त्रियांची राष्ट्रीय अजिंक्यपदे वर्षानुवर्षे आपल्याकडे ठेवली होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ॲलिस कोचमन ही टस्कीगीतच शिकलेली होती.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली भेदभावाच्या अर्थशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल : पूर्वग्रह बाळगणे ही फुकटची गोष्ट नसून तिची किंमत पूर्वग्रह बाळगणाऱ्यालाही मोजावी लागते. योग्य माणसाला केवळ जातीमुळे वा वर्णामुळे नाकारणाऱ्या मालकाचे नुकसान होते आणि त्या माणसाला घेणाऱ्याचा लाभ होतो. टायगरबेल्सचा इतिहास म्हणजे या सिद्धान्ताचे जणू मैदानावरील प्रात्यक्षिकच. दक्षिणेतील श्रीमंत विद्यापीठांनी जगातील सर्वांत वेगवान मुली नाकारल्या आणि टेम्पल यांनी त्या घेतल्या. दुसऱ्यांच्या अंधत्वामुळे जे गुणधन पडून होते, ते पारखण्याची दृष्टी या एका शिक्षकाजवळ होती.

तथापि बेकर यांच्या युक्तिवादाची मर्यादाही याच उदाहरणातून दिसते. नुकसान होते म्हणून पूर्वग्रह आपोआप नाहीसा होईल, अशी आशा काहींना वाटे. पण अनेक वर्षे पराभव पत्करूनही ती विद्यापीठे बदलली नाहीत. ती बदलली न्यायालयाच्या निर्णयांनी, धरणे धरणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि संसदेच्या कायद्यांनी. बाजार अन्यायाची किंमत लावू शकतो; अन्याय थांबविण्याचे काम मात्र नागरिकांनाच करावे लागते.

उधारी कोणाची?

नावेच्या बाजूला आणखी एक मोठी रक्कम आहे. अमेरिकेत १८९० सालच्या मॉरिल कायद्यान्वये, ज्या राज्यांत गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्था वेगवेगळ्या होत्या, तेथे शेतकी आणि औद्योगिक शिक्षणासाठीचा केंद्राचा निधी दोघांत न्यायाने वाटला जावा, असे ठरले. पुढे अशा निधीच्या जोडीला राज्याने स्वतःचा वाटा घालावयाचा, अशी पद्धत पडली. टेनेसी राज्याने हा वाटा नॉक्सव्हिलच्या विद्यापीठाला दिला. नॅशव्हिलच्या संस्थेला मात्र वर्षामागून वर्षे दिला नाही. २०२१ साली राज्याच्या विधिमंडळाच्याच एका समितीने जुनी दप्तरे तपासली, तेव्हा १९५७ ते २००७ या काळातील थकबाकी किमान १५ कोटी आणि कमाल ५४ कोटी डॉलर इतकी निघाली. २०२२ साली राज्याने या विद्यापीठाच्या इमारती व इतर सुविधांसाठी २५ कोटी डॉलरची तरतूद केली. २०२३ साली केंद्राच्या शिक्षण आणि कृषी या दोन खात्यांच्या मंत्र्यांनी राज्यपालांना पत्र लिहून, १९८७ ते २०२० या काळातील तफावत २१० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे कळविले.

हा पैसा खेळासाठीचा नव्हता, हे मान्य. पण वसतिगृह, प्रयोगशाळा, अध्यापकांचे वेतन आणि मैदान ही सारी एकाच संस्थेच्या पिशवीतून चालतात. पिशवीत यावयाचे ते आले नाही की, कोणाच्या तरी ताटातील कमी होते. टेम्पल यांनी टपालकचेरी सांभाळली, मुलींनी रोज दोन तास काम केले, अर्धवट धावपट्टीवर सराव केला. या साऱ्यांस आपण त्याग म्हणतो. हिशेबाच्या भाषेत ती राज्याने न दिलेल्या रकमेची भरपाई होती, आणि ती भरपाई ज्यांची ऐपत सर्वांत कमी त्यांनी केली. मग पदक मिळाले की मिरवणूक मात्र राज्याची. १९६० च्या ऑक्टोबरात रुडॉल्फच्या सत्काराची मिरवणूक क्लार्क्सव्हिलमध्ये निघावयाची होती, तेव्हा गोरे आणि काळे वेगळे बसणार असतील तर आपण येणार नाही, असे त्या वीस वर्षांच्या मुलीने सांगितले. त्या गावात सर्व वर्णांचे लोक एकत्र जमलेला तो पहिला सार्वजनिक समारंभ ठरला. तिच्या तीन पदकांच्या शेजारी हा चौथा विजय मांडला पाहिजे.

पदक आणि पदवी

ताळेबंदाचा तिसरा प्रश्न राहिला : हाती काय उरले? त्या काळी ऑलिंपिक हौशी खेळाडूंचे होते. पदकाला मान होता, बाजारभाव नव्हता. रुडॉल्फने १९६२ साली, ऐन बहरात असताना, धावणे सोडले. १९६३ साली तिने शिक्षणशास्त्रातील पदवी पूर्ण केली आणि आपल्याच गावी, जेथे आपण शिकलो त्या प्राथमिक शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. जगातील सर्वांत वेगवान स्त्रीचा चरितार्थ चालला तो पदवीवर.

टेम्पल यांना हे पक्के ठाऊक होते. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलीला त्यांच्या संघात थारा नव्हता. त्यांच्या चाळीस ऑलिंपिक खेळाडूंपैकी एकोणचाळीस जणींनी पदवी पूर्ण केली. २३ पदकांपेक्षा हा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो. धावण्याच्या शर्यतीत पदक हे पहिल्या तिघांनाच मिळते; चौथ्याच्या वाट्याला ते येत नाही. पदवीचे तसे नाही. हरलेल्या मुलीलाही ती मिळू शकते, आणि शिक्षणसंस्थेचे काम हरणाऱ्यांसाठीही असते. क्रीडामंडळ आणि महाविद्यालय यांच्यात फरक असावयाचा तर तो येथेच असला पाहिजे.

दारे उघडल्यानंतर

१९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि केंद्राचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुष भेदास बंदी आली. मोठ्या विद्यापीठांना मुलींच्या संघांवर खर्च करणे भाग पडले. १९८२ पासून राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेच्या मैदानी स्पर्धांत महिलांचे अजिंक्यपद सुरू झाले आणि १९८७ ते १९९७ अशी सलग अकरा वर्षे ते लुइझियाना राज्य विद्यापीठाने जिंकले. हे विद्यापीठही एके काळी कृष्णवर्णीयांना दाराशी अडविणाऱ्यांपैकीच होते. आता तयार खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देऊन बोलावणारे गिऱ्हाईक अनेक झाले. जमैकापासून केनियापर्यंतचे खेळाडू तेथे जाऊ लागले. आपल्याकडील तेजस्विन शंकर यानेही कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकत असताना २०१८ आणि २०२२ साली उंच उडीचे महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळविले. नॅशव्हिलची मक्तेदारी स्वाभाविकपणे संपली. १९९४ मध्ये टेम्पल निवृत्त झाल्यावर त्यांची जागा त्यांच्याच शिष्येने, शॅन्ड्रा चीझबरो हिने घेतली. पण पूर्वीचे दिवस परतले नाहीत.

याबद्दल हळहळावे काय? मुळीच नाही. मुलींना निवड करावयास मिळाली, ही न्यायाची गोष्ट होय. एका संस्थेचे वैभव अबाधित राहावे म्हणून इतरांची दारे बंद असावीत, असे कोण म्हणेल? मात्र खंत वाटते ती निराळ्या गोष्टीची. श्रीमंत विद्यापीठे झालेले खेळाडू विकत घेतात. न झालेल्या खेळाडूंवर आठ वर्षे मेहनत घेण्याची टेम्पल यांची पद्धत त्यांनी विकत घेतली नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकन न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार तेथील मोठ्या विद्यापीठांना २०२५-२६ या वर्षी आपल्या खेळाडूंना मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. राबणाऱ्याला मोबदला मिळावा, हे योग्यच. पण प्रेक्षकांची गर्दी खेचणारे फुटबॉल आणि बास्केटबॉल यांच्याकडे पैशाचा ओघ गेला, तर तिकिटे न खपविणाऱ्या मैदानी खेळांचे काय, ही चिंता तेथील प्रशिक्षकांना भेडसावू लागली. ज्याला गिऱ्हाईक नाही ते शिकवावयाचे की नाही, हा प्रश्न मैदानाइतकाच वर्गालाही लागू आहे.

आपल्यापुरते

लॉस एंजेलिसच्या ज्या स्पर्धेत चीझबरोने पदके मिळविली, त्याच स्पर्धेत पी. टी. उषा हिचे ४०० मीटर अडथळा शर्यतीचे कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले. त्या एक शतांशाबद्दल आपण चार दशके बोलत आलो. त्यामागच्या आठ वर्षांबद्दल फारसे बोललो नाही. १९७६ साली केरळ सरकारने कन्नूर येथे मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केला. तेथे निवडलेल्या शाळकरी मुलींत उषा होती आणि तेथेच तिला ओ. एम. नंबियार यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले. लहान वयातील निवड, राहण्या-शिकण्याची सोय आणि न बदलणारा गुरू, हेच नॅशव्हिलचे सूत्र येथेही दिसते. भूमी वेगळी असली तरी पीक येण्याचा नियम एकच.

आपल्या राज्यात खेळाडूंची कदर होत नाही, असे म्हणता येणार नाही. शालान्त परीक्षेत त्यांना वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव असतात. परंतु हे सारे बक्षीस आहे, आणि बक्षीस जिंकल्यानंतर मिळते. गुंतवणूक जिंकण्यापूर्वी करावी लागते. क्रीडा संचालकाची जागा रिकामी ठेवावयाची किंवा तासिका तत्त्वावर भागवावयाची, जिमखाना शुल्क मात्र प्रत्येक विद्यार्थ्याकडून न चुकता घ्यावयाचे, आणि एखाद्या शेतमजुराच्या मुलीने स्वतःच्या हिमतीवर पदक आणले की तिच्या शेजारी छायाचित्रासाठी उभे राहावयाचे, असे जेथे होत असेल तेथे त्या महाविद्यालयाने 'आमचे यश' म्हणू नये. ते यश त्या मुलीचे असून महाविद्यालय तिचे ऋणको आहे.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. वार्षिक अहवालातील पदकांच्या यादीखाली आणखी चार रकाने छापावेत. वर्षभरात नियमाने मैदानावर उतरलेले विद्यार्थी व विद्यार्थिनी किती. संघात निवडलेल्यांपैकी पदवी पूर्ण केलेले किती. जिमखाना शुल्कापोटी जमा किती आणि खेळावर प्रत्यक्ष खर्च किती. आणि सध्याचा प्रशिक्षक या मैदानावर किती वर्षे आहे. ही माहिती महाविद्यालयाच्या कचेरीत असतेच; ती एका पानावर आणण्यास लिपिकाला दोन दिवस पुरतील. शिक्षकांनी ती मागावी, विद्यार्थ्यांनी ती वाचावी आणि पालकांनी प्रवेश घेताना तिच्याबद्दल विचारावे. पहिल्या वर्षी हे आकडे लाजिरवाणे निघतील. पण नॅशव्हिलच्या थकबाकीचा पूर्ण हिशेब दप्तरातून बाहेर यावयास साठ वर्षांहून अधिक काळ लागला. आपले दप्तर आपल्याच कपाटात आहे. ते येत्या वर्षीच उघडावयास काय हरकत आहे?